वायरीवरचा संशय

मी एक जुना, काट्याचा मल्टिमीटर आहे. मित्रांनो, संशय घेणे हेच माझे काम. वायर वरून कितीही धडधाकट दिसो, तपासल्याशिवाय मी तिच्यावर विश्वास ठेवत नाही.

कारखान्यात माझ्या पोटात तांब्याच्या तारेचे वेटोळे, चुंबक आणि केसासारखा काटा बसवला. मग मी एका दुरुस्तीवाल्या बाईंच्या पिशवीत आलो. विजेला पुढे ढकलणारा जोर म्हणजे व्होल्टेज, तारेतून वाहणारी वीज म्हणजे करंट आणि त्या वाटेतला अडथळा म्हणजे रेझिस्टन्स. हे तिन्ही मी मोजतो. वीज निघाल्या जागी परत येईल अशी अखंड वाट म्हणजे सर्किट. वाट तुटली की सगळे ठप्प.

पुढे पिशवीत डिजिटल मीटर आला. तो मोजलेले माप थेट आकड्यांत दाखवतो. त्याच्या आतली चिप एक आणि शून्य, म्हणजे ‘आहे’ आणि ‘नाही’, एवढ्यावरच सगळा हिशेब करते. बाई त्याचे कौतुक करू लागल्या आणि मी तळाशी धूळ खात पडलो. त्या गुळगुळीत चेहऱ्याचा मला पहिल्यापासून संशय होता.

एका घरी आजारी सासऱ्यांचे ऑक्सिजनचे यंत्र मधूनच बंद पडे. भोंगा वाजला की सगळे धावत, आणि थोरली सून आधीच तिथे असे. तिची खोली शेजारचीच होती. तिने हात लावला की यंत्र पुन्हा सुरू होई. त्यांनी बाईंना बोलावले, तेव्हा डिजिटल मीटरने भिंतीवरच्या सॉकेटमधले व्होल्टेज अगदी बरोबर दाखवले.

“वीज तर नीट येतेय,” बाई म्हणाल्या.

धाकट्या सुनेने थोरल्या जावेकडे पाहिले. “ताई, बंद पडतं तेव्हा तुम्हीच कशा असता तिथे?”

“म्हणजे मी बंद करते?”

थोरलीच्या नवऱ्याने मान खाली घातली. त्या दिवसापासून थोरलीला सासऱ्यांच्या खोलीत एकटीला जाऊ देईनात. तिने माहेरी जायला बॅग भरून दाराशी ठेवली.

पुन्हा यंत्र बंद पडले तेव्हा थोरली स्वयंपाकघरात होती. सासऱ्यांचे ओठ निळे पडले होते. शेजाऱ्यांनी सिलिंडर आणून नळी लावली, तेव्हा कुठे त्यांचा श्वास सावरला. बाई पुन्हा आल्या; काट्याची जराशी थरथरही लगेच दिसते म्हणून या वेळी त्यांनी मला बाहेर काढले. यंत्राची वायर सॉकेटमधून आणि यंत्रातून सोडवली, माझ्या दोन तारांची टोके तिच्या दोन्ही टोकांना लावली. काटा झपकन शून्यावर गेला. म्हणजे अडथळा नाही, वाट अखंड. पण मला ते पटले नाही, आणि बाईंनाही. त्या वायर बोटाबोटाने वाकवत गेल्या. प्लगजवळ येताच काटा थरथरला आणि धपकन मागे पडला, म्हणजे वाट तुटली.

“वरचं रबर धड आहे, आत तार तुटलीय,” बाई म्हणाल्या. “हलली की चिकटते, हलली की सुटते. ही रोज कोण गुंडाळतं?”

“मी,” धाकटी म्हणाली. “झाडताना पायात येते म्हणून पलंगाच्या पायाला आवळून गुंडाळते. प्लगपाशी ताणली जाते खरी.”

थोरली दारात उभी होती. “मी नुसता प्लग दाबायचे,” ती म्हणाली. “तेवढं सांगायचं होतं, पण कुणी विचारलंच नाही.”

बाईंनी नवी वायर जोडली. यंत्र घुरघुरू लागले. धाकटीने जाऊन ती भरलेली बॅग उचलली आणि थोरलीच्या खोलीत नेऊन ठेवली. थोरलीने अडवले नाही, पण त्या दिवशी ती धाकटीशी बोललीही नाही.

मित्रांनो, वायर आवळून गुंडाळू नका, प्लग तारेला धरून ओढू नका. विजेची तपासणी मोठ्यांवर आणि जाणकारांवर सोडा. आणि माझ्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. आधी माझी दोन टोके एकमेकांना टेकवायला सांगा. काटा शून्यावर आला, तरच माझे ऐका.