बुडीतवाली

धरणात आमचं गाव गेलं आणि पुनर्वसनाच्या नव्या शाळेत माझ्या प्रतिक्षाचं नावही गेलं. वर्गातली पोरं तिला 'बुडीत' म्हणतात. तिच्या दप्तरात बाटली रिकामी करतात, वर म्हणतात, "घे, तुया गावचं पाणी!"

मी तक्रार केली. छळ रोखायला शाळेत समिती आहे म्हणे; भिंतीवर मोठा फलक लावून ठेवलाय. आज त्या समितीची पहिली बैठक होती. ऑफिसबाहेरच्या बाकावर आम्ही मायलेकी बसलो होतो.

"आई, नावं सांगितली तर उद्या आनखी तरास देतील."

"कोनी नाही देत. सर आहेत ना," मी म्हटलं.

आत मुख्याध्यापक समितीला नियम वाचून दाखवत होते. कोणत्याही मुलाला नावं ठेवून चिडवणाऱ्याची गय केली जाणार नाही, हे ऐकून मला जरा धीर आला. मग त्यांनी शिपायाला हाक मारली.

"चंद्रकुमार, बाहेर ते बुडीतवाली पोरगी बसली असन, तिले पाठव."

मी भांडायला ताडकन उठले. पण माझ्या आधीच प्रतिक्षा उभी राहिली होती.

"हजर, सर."