राजा वगळून

राजा काढून टाकला तर दाजींच्या खेळात उरतं काय? डोंबल!

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. ते बाहुल्या नाचवतात. त्यांचा लाकडी राजा टाळ्यांना हपापलेला, आणि मान हलवायचा ती थेट आमच्या देशातल्या खऱ्या राज्यकर्त्यासारखी. त्या मानेपायी दोघांना नेसत्या कपड्यांनिशी देश सोडावा लागला. इथे राहू द्यायचं की परत धाडायचं, याची सुनावणी लागली होती. परत म्हणजे तुरुंग, हे शेंबडं पोरही सांगेल.

सुनावणीत जाणकाराची साक्ष लागते. विद्यापीठातल्या प्राध्यापकबाई आमच्याकडच्या कलांवर आणि देश सोडून आलेल्यांवर संशोधन करतात. त्यांचं निम्मं पुस्तक दाजींच्या मुलाखतींवर उभं आहे. त्या म्हणाल्या, साक्ष देईन की, त्याआधी आमच्या परिसंवादाच्या उद्घाटनाला खेळ करा.

आदल्या दिवशीच्या तालमीत राजा बाहेर आला आणि बाईंनी हात वर करून थांबवलं.

"हा तेवढा नको हं. उद्या तुमच्या वकिलातीतले लोक येणारेत. मला पुढच्या वर्षी तिकडे गावोगाव फिरायचंय, परवानगी त्यांच्या हातात आहे."

"मॅडम, मग खेळ कसला?"

"अहो, माकड नाचवा, वाघ नाचवा. लोकांना तेच आवडतं. आणि साक्षीचं आहे माझ्या लक्षात."

मी म्हटलं, "दाजी, नका ऐकू." ताई माझ्यावरच खेकसली, "तू गप्प बस. तुझ्याकडे इथला पासपोर्ट आहे, आमच्याकडे नाही." अडला हरी गाढवाचे पाय धरी. राजा पेटाऱ्यात गेला.

माकडाने सभागृह डोक्यावर घेतलं. वकिलातीतला साहेब मंचावर चढला, त्याने दाजींना फुलं दिली, वर मिठीही मारली. फोटो निघाले. बाई कौतुकाने टाळ्या वाजवत होत्या.

सुनावणीत सरकारी वकिलाने तोच फोटो पुढे केला. "यांचीच भीती वाटते का तुम्हाला?"

मग त्याने बाईंना विचारलं, "यांच्या खेळात राजकारण असतं?"

बाईंनी चष्मा पुसला. "मी परिसंवादात पाहिला तो खेळ निखळ लोककला होता."

"राजा दाखवला होता तुम्हाला!" दाजी ओरडले.

"तो त्या खेळात नव्हता," बाई म्हणाल्या. शब्द न् शब्द खरा. गळा कापायला एवढा गोड आवाज मी कधी ऐकला नव्हता.

अर्ज फेटाळला गेला. बाहेर व्हरांड्यात बाईंनी ताईचा हात धरला.

"फार वाईट वाटलं हो. आणि ऐका, तो राजा सोबत नेऊ नका. विमानतळावर सापडला तर तुमची धडगत नाही. माझ्याकडे द्या, आमच्या संग्रहालयात सांभाळून ठेवते."

म्हणजे बाईंना सगळं कळत होतं. ताईने पेटारा उघडला. दाजींनी राजाच्या मानेचा दोरा नीट केला आणि तो बाईंच्या हातात दिला. "याला तरी राहू दिलं," एवढंच म्हणाले.

दोघांना विमानात बसवलं. महिन्याभराने मी संग्रहालयात गेलो. राजा काचेमागे ऐटीत उभा आहे. खाली पाटी आहे : 'सत्तेची निर्भीड खिल्ली. कलाकार अज्ञात.'

तिथूनच ताईला फोन लावला. अजून लागत नाही.