बारीक स्क्रू

पटाशी निसटून एका सुताराच्या तळहाताला सात टाके पडले, आणि दुसऱ्याच दिवशी मालकांचा कागद भिंतीवर लागला: हातमोज्यांशिवाय हत्याराला हात लावायचा नाही. मोजे निवडण्याचे काम, कारखान्याची कोठी सांभाळते म्हणून, माझ्या गळ्यात पडले. मी तीन प्रकार आणले. जाड कातड्याचे, फळ्या उचलण्यासाठी. रबराचा थर दिलेले, करवतीसाठी. आणि न कापणाऱ्या धाग्याचे, बोटांच्या टोकांशी पातळ, पटाशीच्या नक्षीकामासाठी. मालकांच्या नियमाने ज्याला जो मोजा, त्याला त्याच मोज्याचे काम.

कारखान्याला खिडक्या होत्या, पण भुशाने त्यांची काच कधीचीच आंधळी झाली होती. त्या मळकट उजेडात बाबा आपल्या बाकाशी उभे होते. चाळीस वर्षांत त्यांनी कागदावर आधी रेघ मारून वेल कधी कोरला नव्हता. लाकडावर बोट फिरवायचे आणि पटाशी लावायची. पुढ्यातल्या दारावर अर्धा वेल उमलला होता. अर्धा अजून लाकडात होता.

"मला जाड दे," बाबा म्हणाले. "पातळ मोज्यांत घाम येतो."

मुकादम हसले. "मिस्त्री, कागद वाचला नाहीत वाटतं! जाड घेतलेत तर उद्यापासून फळ्या वाहायच्या. हमालीची हौस आली का?"

माणसे खो खो हसली. बाबा हसले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, आणि तो उतरताना मी पाहिला.

"मग पातळ दे," ते म्हणाले.

"आधी परीक्षा," मुकादम म्हणाले. मी ठरवलेली रीत साधी होती. मोजा घालायचा, डोळे मिटायचे आणि थाळीतल्या तीन स्क्रूंमधला सर्वांत बारीक उचलायचा. बोटांना फरक कळला, तरच पटाशी.

बाबांनी मोजा घातला, डोळे मिटले आणि सर्वांत जाड स्क्रू उचलला.

"हा बघा बारीक!" ते ठसक्यात म्हणाले. पुन्हा हशा पिकला.

"चेष्टा पुरे," मुकादम म्हणाले. "मोजा नडत असेल तर काढा तो."

उघडी बोटे थाळीत फिरू लागली. अंधारात घराची किल्ली शोधावी तशी. एका स्क्रूचे टोक तर्जनीत रुतले, रक्ताचा लाल मणी फुटला, आणि बोटे न थबकता शोधत राहिली. घरी बाबा उकळत्या चहाचा पेला फडक्याशिवाय उचलतात. आई कौतुकाने म्हणते, "बाई गं, पोलादी हात!" आम्ही दोघी त्यावर किती हसलो होतो.

बाबांनी पुन्हा जाडच स्क्रू उचलला. मुकादम त्याच क्षणी कुणाच्या हाकेने मागे वळले होते. रक्त एकट्या मला दिसले. बाबांनी डोळे उघडले, आधी बोटाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"काय झालं? जमलं का?" मुकादमांनी माझ्या हातातल्या वहीकडे बोट दाखवत विचारले. "पातळ लिहितेस ना?"

बाबा अगदी हळू बोलले. "पोरी, दार पूर्ण होऊ दे. एवढंच."

एवढंच! पातळ लिहिले असते तर धारदार पोलाद अशा हातात गेले असते, ज्याला स्वतःचे रक्तही कळत नव्हते. जाड लिहिले तर तो वेल दुसरा कुणी पुरा करणार होता. या दोन्ही ओळींच्या मध्ये पेन धरून मी उभी होते, आणि त्यातून बाहेर पडायला तिसरी ओळ नव्हती.

"नाही जमलं," मी म्हणाले. "त्यांच्या बोटांना कळत नाही."

हशा थांबला. मुकादमांनी मान खाली घातली.

"कधीपासून माहीत होतं तुला?" बाबांनी विचारले.

"आत्ता कळलं."

"मला दोन वर्षांपासून," ते म्हणाले. "पटाशी कुठवर गेली ते आवाजावरून ओळखायचो."

त्यांनी जाड मोजे स्वतःच उचलले. ते मोठे होते. आत बोटे कुठवर पोचली हे त्यांना समजेना, म्हणून मी एकेक बोट धरून आत सरकवून दिले. मग ते फळ्यांच्या ढिगाकडे गेले. मी वहीत त्यांच्या नावापुढे "जाड" लिहिले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.