मोठ्या सिस्टरांची बुरशी

मोठ्या सिस्टरांच्या एकतीस वर्षांच्या नोकरीचा सगळा अभिमान दोन शब्दांत मावत असे: वाढ नाही.

ऑपरेशन थिएटरच्या भिंती, टेबल, दिवे, नळाची तोटी, सगळ्यांवरून दर सोमवारी कापसाचे बोळे फिरवायचे, ते प्रयोगशाळेत पाठवायचे, तिथे काचेच्या बशीत उबवून त्यातून काय उगवतंय ते बघायचं, अशी पद्धत होती. गुरुवारी कागद यायचा. त्यावर लिहिलेलं असायचं, ‘वाढ नाही’. इतर माणसं आयुष्यात आपण काय काय वाढवलं ते सांगतात. मुलं, धंदा, गेला बाजार पोट. मोठ्या सिस्टर आपल्या हाताखाली काहीही वाढू दिलं नाही हे सांगत, आणि तेही मान ताठ ठेवून.

हा कागद लिहिणारे गृहस्थ म्हणजे लॅबवाले. तेही आता निवृत्त झाले होते आणि सिस्टरांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहत होते. जिन्यात गाठ पडली की ते हमखास म्हणायचे की, एवढ्या वर्षांत तुमच्याकडून एखादा तरी जंतू येईल म्हणून मी डोळ्यांत तेल घालून बसलो होतो, पण तुम्ही काही माझी हौस पुरवली नाहीत. सिस्टर हे प्रशस्तिपत्र समजून घेत. ते तसंच दिलेलं असे.

निवृत्तीनंतर सिस्टर घरी आल्या, पण त्यांचे हात अजून थिएटरातच होते. पहिल्या आठवड्यात दारांच्या कड्या झाल्या. दुसऱ्या आठवड्यात यजमानांचे चिमटे. यजमान घड्याळं दुरुस्त करत, आणि त्यांचे केसासारखे नाजूक चिमटे एके सकाळी पातेल्यात रटरट उकळत असलेले त्यांना सापडले. चाळीस वर्षं संसार केलेला माणूस पातेल्यात काय शिजतंय हे विचारत नाही. तिसऱ्या आठवड्यात सुनेचा टूथब्रश गरम पाण्यात बुडालेला निघाला, तेव्हा मात्र सुनेने विचार केला.

सून एका वास्तुरचनाकाराच्या कचेरीत नकाशे काढायची. नवरा फिरतीच्या नोकरीवर, म्हणून तो या गोष्टीत नाही. भांडण हे मोजमाप न घेता केलेलं काम असतं, असं तिचं मत होतं. तिने भांडण केलं नाही. ती एक खोका घेऊन आली. खोक्यात कोरडा पेंढा, दोन पारदर्शक पिशव्या, बियाण्याचे दोन पुडे, पाण्याचा फवारा आणि एक माहितीपुस्तिका होती. वर लिहिलं होतं, ‘घरच्या घरी धिंगरी अळिंबी (मशरूम): नवशिक्यांसाठी’.

“आई, तुम्हाला सांभाळायला काहीतरी हवंय,” ती म्हणाली. “आमच्यापेक्षा कमी तक्रार करणारं.”

बातमी जिन्याने खाली गेली आणि लॅबवाले वर आले. मोठ्या सिस्टरांच्या हातून काही उगवणार ही कल्पनाच त्यांना इतकी आवडली की ते चहा न पिता बोलत राहिले. या घरात निवडुंगसुद्धा टिकला नव्हता, याची त्यांनी आठवण करून दिली. ते खरं होतं. सिस्टर त्याचे काटे रोज स्पिरिटने पुसत.

“उगवलं तर पहिला घास माझा,” लॅबवाले म्हणाले. “आणि रिपोर्ट मी लेखी देईन.”

“दोन महिन्यांत पेन शोधून ठेवा,” सिस्टर म्हणाल्या.

झालं, शब्द गेला. लॅबवाल्यांनी तो इमारतभर पोचवलाही. पण सिस्टरांना खरी बोच इमारतीची नव्हती. थिएटरात डॉक्टर माणसं जगवत आणि त्या जंतू मारत; दोन्ही कामं एकाच टेबलावर चालत आणि पेढ्यासारखे आभार एकालाच वाटले जात. त्याचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. आता मात्र निवडुंगाच्या रिकाम्या कुंडीकडे पाहताना वाटायचं, या हातांना फक्त मारताच येतं की काय?

पहिली पिशवी सुनेने भरली. पेंढा गरम पाण्यात भिजवला, पिळला, एक थर पेंढ्याचा, एक थर बियाण्याचा, असं करत पिशवी बांधली आणि तिला भोकं पाडली. बियाणं म्हणजे पांढरी लव आलेले गव्हाचे दाणे. भरताना सुनेने बोटातली अंगठी काढली नव्हती आणि मनगटावरचं घड्याळही. सिस्टरांनी ते पाहिलं. सासूने काही वेळा गप्प बसावं असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, म्हणून त्या गप्प बसल्या. नाकाच्या शेंड्याला मात्र घाम आला.

पिशवी अंधाऱ्या कपाटात गेली आणि सिस्टरांच्या ताब्यात आली. त्यांनी पुस्तिका उघडली. पहिल्याच पानावर होतं, ‘स्वच्छता अत्यंत महत्त्वाची’. सिस्टरांनी त्याखाली दोन रेघा ओढल्या. इतक्या समंजस माणसाने पुढेही सगळं बरोबरच लिहिलं असणार, अशा विश्वासाने पुढची पानं त्यांनी वाचली नाहीत.

दहाव्या दिवशी, एका बुधवारी सकाळी, त्यांनी कपाट उघडलं. पिशवीच्या आत, पेंढ्याच्या काडीकाडीवरून, पांढरं काहीतरी पसरलं होतं. मऊ, कापसासारखं, बिनदिक्कत.

अळिंबी ही बुरशीच असते हे सिस्टरांना माहीत नव्हतं असं नाही. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी त्यांनी ते परीक्षेत लिहिलं होतं आणि पूर्ण गुण मिळवले होते. पण डोक्याने लिहिलेलं बोटांपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि सिस्टरांची बोटं फार चपळ होती. पिशवी सोडली, पांढरं दिसेल तेवढं चिमट्याने उचलून काढलं, उरल्यासुरल्यावर स्पिरिट फवारलं आणि पिशवी पुन्हा घट्ट बांधली. चार मिनिटांत सगळं चकाचक. एखाद्या अवघड केसनंतर वाटायचं तसं त्यांना हलकं वाटलं.

पाच दिवसांनी पिशवी हिरवी झाली. पोपटी नाही, पालेभाजीसारखीही नाही. तळ्यातल्या शेवाळासारखी हिरवी, आणि वास असा की यजमानांनी घड्याळातून डोकं वर काढलं.

तेव्हा सिस्टरांनी पुस्तिकेचं दुसरं पान उघडलं. ‘पांढरे जाळे पसरणे हे उत्तम वाढीचे लक्षण. हिरवी बुरशी म्हणजे संसर्ग.’ त्यांनी ते उभ्यानेच वाचलं. मग बसून वाचलं. बसून वाचल्याने मजकूर बदलला नाही.

संध्याकाळी सून आली, तिने पिशवी पाहिली आणि तिचा पारा चढला. दुकानदाराने खराब बियाणं गळ्यात मारलं, असा तिचा निष्कर्ष निघाला, आणि नकाशे काढणारीचा निष्कर्ष म्हणजे लगेच कागद आलाच. जेवणाच्या टेबलावर बसून तिने तक्रारीचं पत्र लिहायला घेतलं. पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा, डाग किती लांब, किती रुंद. यजमान तिला पट्टीने मापं सांगत होते. सिस्टरांना काही करायचंच नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसलेल्या सासूचं जगात कौतुकच होतं.

पण थिएटरात त्यांचा एक नियम होता. काही चुकलं, काही खाली पडलं, कुणाचा हात नको तिथे लागला, तर तिथल्या तिथे मोठ्याने बोलायचं. बोलणाऱ्याला शब्दानेही दुखवायचं नाही. लपवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी यायची तसदी द्यायची नाही. हा नियम त्यांनी किती नव्या मुलींना थरथर कापेपर्यंत शिकवला होता. स्वतःवर तो वापरायची वेळ मात्र आली नव्हती, कारण मोठ्या सिस्टरांचं काही चुकत नसे.

त्या उभ्या राहिल्या. थिएटरात उभं राहूनच बोलायचं असे.

“चुकलं,” त्या म्हणाल्या. “पिशवी मी मारली. बुधवारी सकाळी. पांढरं दिसलं, बुरशी समजून काढून टाकलं आणि वर स्पिरिट मारलं.”

सुनेचं पेन थांबलं. “आई, ती बुरशीच होती.”

“तेच तर सांगतेय.”

यजमानांनी पट्टी हळूच खाली ठेवली. निदान टपालखर्च वाचला, एवढंच ते म्हणाले.

सुनेच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि ‘चुकलं’ हा शब्द या बाजूने येताना तिने पहिल्यांदाच ऐकला होता. तो इतका स्वच्छ, इतका सरळ उभा होता की त्यावर रागवायला जागाच नव्हती. तिने पत्राचे चार तुकडे केले. दुसरा पुडा फ्रिजमध्ये आहे, असं तिने सांगितलं.

“पण या वेळी मी भरणार नाही. तुम्ही भरा. तुमच्या पद्धतीने.”

“माझ्या पद्धतीने म्हणजे,” सिस्टर जपून म्हणाल्या, “अंगठी काढावी लागेल.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

नियम बोलण्याचा होता आणि तो त्यांनी दोनदा मोडला होता, एकदा अंगठी पाहून आणि एकदा पुस्तिका वाचून, हे सिस्टरांच्या ध्यानात आलं.

रविवारी सकाळी स्वयंपाकघराचं थिएटर झालं. खिडक्या बंद, पंखा बंद, टेबल तीनदा पुसलेलं. सिस्टरांनी कोपरापर्यंत हात धुतले, सुनेला धुवायला लावले, पसंत न पडल्याने पुन्हा धुवायला लावले. यजमान दारात उभे राहून बघत होते. त्यांना शिंक आली आणि त्यांची बदली बाहेरच्या खोलीत झाली. पेंढा सिस्टरांनी पुस्तिकेत सांगितल्यापेक्षा अर्धा तास जास्त गरम पाण्यात ठेवला होता. मूठभर घेऊन पिळला. एक थेंब पडला, दुसरा पडला नाही.

“दाणे,” सिस्टर म्हणाल्या आणि हात पुढे केला. न बघता.

“दाणे,” सून म्हणाली आणि हातावर ठेवले.

सुनेला काही कुणी शिकवलं नव्हतं, पण त्या आवाजासमोर माणूस आपोआप दोन बोटं उंच होत असे. थर लागत गेले. काम संपलं तेव्हा सुनेच्या लक्षात आलं की वीस मिनिटांत कुणी खाजवलं नव्हतं, कुणी केस मागे सारले नव्हते. तिने हे नंतर नवऱ्याला फोनवर सांगितलं. माझी सासू काय चीज आहे हे मला आज कळलं, म्हणाली. सिस्टरांनी ते शेजारच्या खोलीतून ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

मग सिस्टरांनी स्पिरिटची बाटली सुनेच्या हातात दिली. “ही तुझ्या कपाटात ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस.”

सातव्या दिवशी त्यांनी ती मागितली. सुनेने दिली नाही.

पांढरं पसरत होतं. रोज बोटभर पुढे सरकत होतं, आणि सिस्टर हात पाठीमागे बांधून कपाटासमोर उभ्या राहत होत्या. मारायला एक हात पुरतो. न मारायला दोन्ही हात बांधून ठेवावे लागतात. आठवडाभर त्या असं स्वतःला बजावत होत्या की पांढरा तो पेशंट, हिरवा तो जंतू. पिशवीभर त्या हिरवं शोधत फिरल्या. इकडून, तिकडून, टॉर्च लावून. हिरव्याचा एक ठिपका नव्हता. अठराव्या दिवशी अख्खी पिशवी चुन्यासारखी पांढरीफेक झाली, आणि सिस्टरांना कळलं की हेही त्यांचंच थिएटर आहे. फक्त टेबलावर या वेळी कोण निजलंय ते ओळखायला उशीर झाला होता.

पिशवी उजेडात आली, तिला चिरा दिल्या, सकाळ-संध्याकाळ पाणी फवारलं. पाचव्या दिवशी यजमानांनी सवयीने डोळ्याला भिंग लावून पिशवीत पाहिलं आणि बराच वेळ तसेच राहिले.

“अगं, आलेत,” ते म्हणाले. “टाचणीच्या टोकाएवढे. मोजू नकोस, वाढतायत.”

चार दिवसांत टाचण्यांच्या टोप्या झाल्या, टोप्यांचे पंखे झाले, करडे, एकावर एक, कानाच्या पाळीसारखे मऊ. सिस्टरांनी स्वयंपाकघराचं दार दिवसभर उघडं ठेवलं. हवा यावी म्हणून, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. समोर राहणारी शिंपीण मीठ मागायला आली, ती पिशवी बघून मीठ विसरून गेली, आणि मिठासाठी परत आली तेव्हा बहिणीला घेऊन आली.

रविवारी लॅबवाल्यांना बोलावणं गेलं. ते आले, पिशवीसमोर उभे राहिले आणि नेहमीची थट्टा काही केल्या त्यांच्या तोंडून निघेना. सिस्टरांनी घोस मुळाशी पिळून काढला, लोणी आणि लसणावर परतला, मिरपूड टाकली आणि पहिली बशी ठरल्याप्रमाणे त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी सावकाश खाल्लं. मग काटा खाली ठेवला आणि, कोण जाणे का, उभे राहिले.

“सिस्टर, मीही हाच खोका आणला होता,” ते म्हणाले. “तुम्ही आणलात त्याच आठवड्यात. तुमच्या आधी उगवून दाखवणार होतो. हिरवी झाली. दोन्ही वेळा.”

जन्मभर बशीत जंतू उगवून दाखवणाऱ्या माणसाच्या दोन पिशव्यांत दोन्ही वेळा जंतूच उगवले होते. इमारतीला महिनाभर पुरेल असा हा विनोद होता. सुनेने सासूकडे पाहिलं. सिस्टरांच्या ओठांचा एक कोपरा हलला. पण नियम म्हणजे नियम.

“बोललात ना, विषय संपला,” त्या म्हणाल्या. “बसा. गार होतंय. पुढची पिशवी माझ्यासमोर भरायची. अंगठी काढून.”

लॅबवाल्यांनी खिशातून पेन काढलं. ते खरंच शोधून ठेवलं होतं. जुन्या सवयीने कागदाला समास सोडला, तारीख घातली, नमुन्याचं ठिकाण लिहिलं. खाली लिहिलं, ‘वाढ आहे’. सही केली आणि कागद सिस्टरांकडे सरकवला.

सिस्टरांनी तो दोनदा वाचला. मग फ्रिजच्या दारावर, येणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर लावला, आणि हात न धुताच दुसरी बशी वाढायला घेतली.