गिरधर पाटलांची दगडफुलाची बाग

शहाद्याजवळ गोमाई नदीकाठच्या काळ्या जमिनीत कापूस आणि ज्वारी चांगली येते. पण तेवढ्यावर समाधान मानणं गिरधर पाटलांच्या स्वभावात नव्हतं. एका वर्षी त्यांनी लवंग लावली, ती बकऱ्यांनी खाल्ली. एका वर्षी कुणा फिरस्त्याकडून केशराचे कांदे घेतले. ते उगवले तेव्हा लसूण निघाला. तो लसूण घरात वर्षभर पुरला, ही गोष्ट वेगळी.

"दादाना वावरमा पीक कमी न बातम्या जास्त येतस," असं त्यांचा चुलतभाऊ चुडामण चावडीवर बसून सगळ्यांना सांगायचा.

एकोणीसशे छत्तीसच्या दिवाळीनंतरची गोष्ट. पाटलांची बायको धनुबाई काळ्या मसाल्यासाठी दगडफूल तेलात तळत होती. कच्चं असताना त्याला मातीसारखा वास येतो, पण तेलात पडलं की सगळं घर जागं होतं. पाटील ओट्यावरून उठून आत आले.

"हाई कोन पेरस?" त्यांनी विचारलं.

"कोनी नई. डोंगरवरथून येस."

कोणीच पेरत नाही! पाटलांना एवढं पुरेसं होतं.

शहाद्याच्या बाजारात फुलीबाई नावाची तोरणमाळच्या डोंगरातली पावरा आदिवासी बाई दगडफुलाची टोपली घेऊन बसायची. धनुबाई वीस वर्षं तिच्याकडूनच घ्यायची. पाटील तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बी दे."

फुलीबाईनं टोपलीत पाहिलं, मग पाटलांकडे. "याले बी नई, पाटील. मूळ नई, फूल नई. झाडवर नईतं खडकवर बठस न धुकं पेस."

"मंग नाव फूल कसाले?"

"नाव तुम्हीच ठेवं."

पाटलांची खात्री झाली की बाई लपवते आहे. पुढच्या बाजारी ते पुन्हा गेले, त्याच्या पुढच्या बाजारीही. शेवटी फुलीबाई कंटाळून म्हणाली, "वर ये न देखी ले."

पाटील खरोखर गेले. तोरणमाळचा चढ चढताना त्यांनी सात वेळा बसून घेतलं, आणि सातही वेळा सोबतच्या सालदाराला, झिपरूला, तूच दमला आहेस असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फुलीबाईनं त्यांना तलावापलीकडच्या जुन्या जांभळीखाली नेलं. खोडावर, फांद्यांवर राखाडी-हिरवट पापुद्रे पसरले होते, चुरगाळलेल्या कागदासारखे, कडा वर वळलेल्या. खालची बाजू काळीकुट्ट. धुक्यात ते मऊ होते, ओल्या चामड्यासारखे. दुपारी उन्हात त्यांनाच हात लावला तर पापडासारखा तुकडा मोडला.

"एवढं व्हवाले कितला दिन लागतस?" पाटलांनी तळहाताएवढ्या पापुद्र्यावर बोट ठेवलं.

"मन्ही मोठी पोर पाळणामा व्हती तव्हय हाई नखाएवढं व्हतं."

"आते कोठे शे पोर?"

"सासरी. दोन लेकरं शेतस तिले."

हा हिशेब कुणालाही कळला असता. पाटलांनी तो ऐकला आणि विचारलं, याला काय सोसत नाही? फुलीबाई म्हणाली, धूर सोसत नाही, कडक ऊन सोसत नाही. मग हसून म्हणाली, "न खाले तू धुकं कोठून लयशी?"

तिनं गंमत केली होती. पाटलांनी ती कृती समजून लक्षात ठेवली.

गळून पडलेल्या, दगडफूल धरलेल्या फांद्यांच्या दोन मोळ्या झिपरूच्या डोक्यावर खाली आल्या. विहिरीजवळच्या बारा आंब्यांना त्या सुतळीनं बांधल्या गेल्या. आणि पाटलांनी धुकं तयार करायला घेतलं. मुलीच्या लग्नातली पितळी गुलाबदाणी निघाली. पण बारा झाडांना एक गुलाबदाणी किती पुरणार? मग रोज पहाटे पाटील आणि झिपरू तोंडात पाणी धरून खोडांवर फवारे मारू लागले. आठव्या दिवशी झिपरूनं सुट्टी मागितली.

"काय व्हयनं?"

"गाल दुखतस, मालक."

धुराचा बंदोबस्त त्याहून कडक. वाऱ्याची दिशा बदलली तर धूर बागेत जाईल म्हणून पाटलांनी स्वतःची गुडगुडी बंद केली. चुडामण विडी ओढत विहिरीवर आला तर त्याची विडी काढून विहिरीत टाकली. धनुबाई हे सगळं पाहत होती आणि हसू दाबत होती. पण महिन्याभरानं तिच्या लक्षात आलं की सकाळी ओट्यावरून येणारा पाटलांचा खोकला थांबला आहे. पंधरा वर्षं तिनं त्या गुडगुडीशी भांडण केलं होतं. तिला जे जमलं नाही ते झाडाच्या सालीवरच्या पापुद्र्यानं करून दाखवलं.

थंडी होती तोवर दगडफूल जसंच्या तसं राहिलं. वाढलं नाही, पण मेलंही नाही. महाशिवरात्र झाली, वारं कोरडं झालं, आणि आठ दिवसांत सगळे पापुद्रे तपकिरी होऊन चुऱ्यासारखे गळाले. त्या सकाळी पाटील आंब्याखाली मांडी घालून बसले ते उठेचनात. बऱ्याच वेळानं म्हणाले, "झिपरू, गुडगुडी लय."

झिपरू गुडगुडी न्यायला घरी आला. धनुबाईनं दारातच अडवलं.

"सांग, सापडत नई."

"बाई, ती काय, समोर खुंटीले शे."

"तुले दिसस, माले दिसत नई. जाय."

दुसऱ्या दिवशी पाटील बियाण्यासाठी शहाद्याला गेले. धनुबाईनं खड्या मसाल्याची बरणी उचलली, वाटीत बाभळीचा डिंक भिजवला आणि बाग गाठली. चार झाडांवर तिनं बरणीतलं दगडफूल चिकटवलं आणि वरून पाणी शिंपडलं. दगडफुलाची एक गंमत असते. वर्षभर बरणीत वाळलेलं असलं तरी पाणी मिळालं की ते घडीभरात मऊ पडतं, हिरवट दिसतं, जणू काल पहाटेच धुकं प्यायलंय.

संध्याकाळी पाटील बागेतून पळतच घरी आले. "अवं! धरलं! चार झाडवर धरलं!"

"काय सांगतस!" धनुबाई म्हणाली आणि भाकरीकडे वळली, कारण तोंड लपवायला दुसरी जागा नव्हती.

आता पंचाईत अशी की धरलेलं पीक वाढायला हवं. दर चार-पाच दिवसांनी पाटलांची पाठ वळली की धनुबाई डिंकाची वाटी घेऊन निघायची. बरणीतलं दगडफूल संपलं. जेवताना पाटील घास थांबवून म्हणाले, "मसालामा काहीतरी कमी शे." डिंकाची वाटी पाहिलेल्या झिपरूला ठसका लागला.

बाजारात धनुबाईनं टोपलीभर दगडफूल मागितलं तेव्हा फुलीबाई चकित झाली. "लगन शे का घरमा?"

"लगन नई. शेती शे."

धनुबाईनं सगळं सांगितलं. फुलीबाई इतकी हसली की शेजारच्या बांगडीवाल्यानं वळून पाहिलं. मग तिनं विचारलं, "काळी बाजू कोठे ठेवस?"

"वर."

"अय बाई! काळी बाजू खाले! झाड काय उलटं शे?" आणि तिनं टोपलीतले सगळ्यात मोठे, सुंदर पापुद्रे वेगळे काढून दिले. नुसते दिले नाहीत, कुठे मोठे लावायचे, कुठे बारीक, उन्हाची बाजू कशी मोकळी सोडायची, हेही शिकवलं. पुढच्या बाजारी तिनं पहिला प्रश्न विचारला तो हाच, "आपली बाग कशी शे?"

गुढीपाडवा जवळ आला तोवर आठ झाडं हिरवीगार झाली होती, आणि पाटील आसपासच्या पाच गावांत सांगून आले होते. चुडामणला हे सहन होईना. तो शहाद्याहून बन्सीलाल मास्तरांना घेऊन आला. मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे आणि खिशात भिंग बाळगायचे. त्यांच्यामागे निम्मं गाव बागेत आलं, धनुबाईही.

"पाटील, हे झालं असेल तर मोठीच गोष्ट आहे," मास्तर म्हणाले. "हे एक झाड नसतं. दोन जीव एकत्र राहतात. एक बुरशी, घर बांधते. दुसरं हिरवं शेवाळ, स्वयंपाक करतं."

"संसारच म्हना," पाटील अभिमानानं म्हणाले.

मास्तरांनी भिंग लावलं. एकेक पापुद्रा पाहत ते खोडाभोवती फिरले. "इथे मुंग्या फार आहेत. डिंकासारखं काही दिसतंय."

"आंबाना चीक," पाटील म्हणाले.

"आणि हे काय?" मास्तरांनी नखानं एक गोल दाणा सोडवला.

पाटलांनी तो त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावला. तळहातावर धरला, चुडामणच्या नाकासमोर नेला. "बी! देख! मी सांगत व्हतू का नई? दगडफूलले बी शे!"

मास्तरांनी दाणा उचलला, दाताखाली धरला. "पाटील," ते हळूच म्हणाले, "हा धणा आहे."

मग चुडामण खाली बसला, कारण त्याला उभं राहून हसता येईना. गाव हसलं. झिपरू झाडामागे गेला. पाटलांनी फक्त धनुबाईकडे पाहिलं आणि घराची वाट धरली.

ते ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसले होते. धनुबाई उंबऱ्यात टेकली.

"गाव हासनं तं हासू दे," पाटील म्हणाले. "तू बी हासनी?"

"हासनू," ती म्हणाली. खोटं बोलून बोलून ती दमली होती. "पन पहिला दिन नई. पहिला दिन तुम्ही झाडखाले बठेल व्हतात ना, ते माले देखाये नई."

भिंतीकडे पाहतच पाटलांनी विचारलं, "एकलीनी चिटकाडं सगळं?"

"फुलीबाईनी दखाडं कोनती बाजू वर ते. पहिले मी उलटं लावेल व्हतं."

"उलटं?"

"चार झाडं."

पाटलांचे खांदे हलले. धनुबाई घाबरून उठली, रडतायत की काय म्हणून. ते हसत होते. "न मी त्याले पंधरा दिन तोंडवरी पानी मारं!" म्हणाले आणि भिंतीला डोकं टेकून पुन्हा हसले.

पण फुलीबाईला ते सोडणार नव्हते. पुढच्या कार्तिकात ते तोरणमाळला निघाले, आणि या वेळी झिपरूबरोबर धनुबाईही होती. वीस वर्षं जे ती तळत आली ते कुठे उगवतं हे तिला बघायचं होतं. पाटलांनी रागावून बोलायची सगळी वाक्यं चढावर तयार केली होती. फुलीबाईनं ती ऐकून घेतली.

"बरं," ती म्हणाली. "आते शिकी ले. चढ."

तिनं पाटलांना जांभळीवर चढवलं. वर बसून पाटील दगडफूल खरवडू लागले तशी ती खालून ओरडली, "सगळं नई! अर्धं ठेव!"

"कोनासाठी?"

"मन्ही नातसाठी!"

पाटलांनी अर्धं ठेवलं. मग पुढच्या फांदीवर गेले, तिथेही अर्धं ठेवलं. चांगली ओंजळभर पिशवीत पडल्यावर त्यांनी खाली पाहिलं, आणि चढलो तसं उतरता येणार नाही हे त्यांच्या ध्यानात आलं.

"झिपरू!" त्यांनी हाक मारली.

"झिपरू पानीले गया," धनुबाईनं खालून सांगितलं. फुलीबाईनं फडक्यातली भाकर सोडली होती, दोघी झाडाच्या बुंध्याशी टेकून बसल्या होत्या. तलावावरून धुकं वर सरकत आलं. आधी पाटलांचे पाय दिसेनासे झाले, मग धोतर. धनुबाईनं हात वर करून खोडावरचा एक पापुद्रा चाचपला. तो तिच्या बोटाखाली गार, मऊ होता आणि खोडाला घट्ट धरून होता.

"निघत नई," ती म्हणाली.

"मंग!" फुलीबाई म्हणाली आणि तिला भाकरीचा मोठा तुकडा दिला.