मॅनेजर हरवला आहे

टेम्पोवर नवाकोरा भोंगा बसवला, तेव्हा त्याचा पहिला आवाज कुणाला ऐकवायचा हा प्रश्न मला पडलाच नाही. माझे सासरे दुपारचे जेवून अंगणात आरामखुर्चीत पेंगत होते. तोंड उघडं, चष्मा कपाळावर, एका पायातली चप्पल अंगठ्याला लोंबकळत. पायाशी त्यांचा कुत्रा. तोही तसाच, तोंड उघडं. मी टेम्पो हळूच फाटकाशी लावला, इंजिन बंद केलं, माईक तोंडाशी धरला आणि माझ्या धंद्याच्या आवाजात म्हणालो, "ऐका हो ऐका! खुर्चीत झोपलेल्या तमाम पेन्शनर मंडळींनी ताबडतोब उठून हजेरी द्यावी, नाहीतर पेन्शन बंद!"

सासरे उठले नाहीत, उडाले. उडाले ते सरळ ताठ उभे राहिले आणि डोळे मिटलेलेच असताना म्हणाले, "हजर!"

मी स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत सुटलो, त्यामुळे पुढचं मला दिसलं नाही. बायकोनं ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. कुत्र्यानं सासऱ्यांची ती लोंबकळणारी चप्पल तोंडात धरली, फाटकाच्या फटीतून अंग चोरून बाहेर पडला आणि जी धूम ठोकली, ती ठोकलीच.

या कुत्र्याचं नाव मॅनेजर. सासऱ्यांनी उभी हयात एका ऑफिसात कारकुनी केली. मॅनेजर येत होते, जात होते, हे आपले त्याच खुर्चीवर. 'बसा' म्हटलं की बसायचं, 'उठा' म्हटलं की उठायचं. रिटायर झाल्या झाल्या त्यांनी रस्त्यावरचं एक पिल्लू घरी आणलं आणि त्याचं नाव मॅनेजर ठेवलं. तेव्हापासून रोज सकाळी अंगणातून त्यांचा कडक आवाज यायचा. "मॅनेजर, खाली बस! मॅनेजर, लाळ गाळू नकोस! मॅनेजर, लाज वाटते का काही?" बाकी माणूस मितभाषी. सासूबाई गेल्यापासून तर त्या घरात बोलायला दुसरं कुणी नव्हतंच. बायको दुपारी डबा घेऊन जायची तेव्हा तिच्याशी दोन वाक्यं, माझ्याशी एक, आणि उरलेलं सगळं मॅनेजरशी.

त्या दिवशी माझ्या वाट्याचं एक वाक्य त्यांनी फाटकात उभं राहून मला ऐकवलं. "जावईबापू, कुत्रा घेऊनच या. नाहीतर आलं नाही तरी चालेल."

'या' म्हणाले, 'ये' नाही. जावयाला शिवी द्यायची असली तरी हा माणूस मानानं देतो.

बायकोनं मान वगैरे काही ठेवला नाही. "अहो, पन्नाशी आली तुमची. कधी अक्कल येणार? माझे बाबा एका पायात चप्पल घालून फाटकात उभे आहेत. दुसरी आणून देते म्हटलं तर म्हणतात, नको, त्याच्याकडे आहे ती."

हे ऐकून मात्र माझं हसू आटलं. संध्याकाळी लांबूनच डोकावलो. खरंच उभे होते. एक पाय चपलेत, एक अनवाणी. फाटक सताड उघडं. "मॅनेजर! मॅनेजर!" असं ओरडून ओरडून घसा बसला होता. आवाज कसला, नुसती हवा येत होती.

आता मी पडलो भोंगेवाला. गावात सेल लागला, पाणी बंद होणार असलं, सर्कस आली, की लोकांना माझ्याच तोंडून कळतं. एक कुत्रा शोधायचा म्हणजे डाव्या हाताचा मळ. दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो आणि भोंगा फुल्ल सोडला. "ऐका हो ऐका! मॅनेजर हरवला आहे! रंग तपकिरी, एक कान उभा, एक पडलेला. जाताना तोंडात चप्पल होती. कुणाला दिसल्यास प्राण्यांच्या शेल्टरला फोन करावा!"

आमच्याकडे हरवलेल्या जनावरांचे फोन शेल्टरलाच जातात. तिथल्या बाईंना विचारावं, असं काही माझ्या डोक्यात आलं नाही. थेट नंबरच सांगून टाकला.

लोक दारात येऊन हसायचे. बँकेच्या पायरीवर उभा असलेला वॉचमन म्हणाला, "आमचा घेऊन जा की, आतच आहे!" मीही रंगात आलो. पहिल्या दिवशी बाजारपेठ, मग बसस्थानक, मग गिरणीकडचा भाग. कुठलीच गल्ली सोडली नाही. कुत्रा मात्र कुठंच नाही. गंमत म्हणजे प्रत्येक ठिकाणी कुणीतरी सांगायचंच, "अहो, आत्ताच होता इथं! तुमची गाडी वळायच्या आधी!"

"मग धरला का नाही?"

"धरणार कसा? गोळीसारखा गेला."

शेवटी बायको म्हणाली, "शेल्टरमध्ये जाऊन विचारू तरी." आणि माझ्या शेजारी टेम्पोत बसली. म्हणजे सल्ला नव्हता तो, हुकूम होता.

शेल्टर म्हणजे जुन्या गोदामात केलेली एक सोय. दारातच एक लंगडं गाढव उभं. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी भरती व्हायला आलोय. आत पिंजऱ्यांची रांग, फिनाइलचा वास, आणि टेबलापाशी एक दणकट बाई. एका हातात दुधाची बाटली, ती मांजराच्या पिल्लाच्या तोंडात. दुसऱ्या हातात फोन.

"नाही हो, ऑफिसमधला मॅनेजर नाही, कुत्रा आहे कुत्रा," त्या फोनवर सांगत होत्या. "काय? सापडला नाही तर बरं होईल? ठेवा फोन!" फोन आपटून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय काम आहे?"

मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "नमस्कार, तो मॅनेजर..."

बाईंनी आवाज लगेच ओळखला. "अच्छा! तुम्हीच काय ते! तुमच्यामुळे माझा फोन भाजून निघालाय. अर्धं गाव आपापल्या साहेबांच्या तक्रारी करतंय मला!"

"ताई, माफ करा त्यांना," बायको म्हणाली. "जन्मजात आहे. पण कुत्रा माझ्या वडिलांचा आहे. त्यांनी जेवण टाकलंय."

हे ऐकल्यावर बाई जरा नरमल्या. आम्हाला पिंजरे दाखवले. तपकिरी कुत्रे होते, पण आमचा नव्हता. एक म्हातारं कुत्रं जाळीला नाक लावून बायकोचे हात चाटायला लागलं, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी उगाच गाढवाकडे बघत राहिलो. गाढव माझ्याकडेच बघत होतं.

परत टेबलाशी आल्यावर बाईंनी विचारलं, "पळाला कसा?"

"आवाजाला दचकला."

"कसल्या आवाजाला?"

"भोंग्याच्या."

"कुणाच्या भोंग्याच्या?"

"माझ्याच."

"बरं. आणि तुम्ही त्याला शोधताय कशानं?"

मी बाहेर उभ्या टेम्पोकडे पाहिलं. बायकोनं हळूच कपाळाला हात लावला. दारातलं गाढव त्याच वेळी ओरडलं. गाढवाला कळलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

"मला फोन येतात ना, त्यावरून सांगते," बाई म्हणाल्या. "तुम्ही बाजारात, तेव्हा तो बसस्थानकावर. तुम्ही बसस्थानकावर, तर तो गिरणीकडे. काल गिरणीकडे ओरडलात, आज तो पार नदीच्या पुलाशी. शोधत नाही आहात तुम्ही. हाकलताय त्याला."

मी खजील होऊन मान खाली घातली. पण माझं डोकं एकदा खाली गेलं की त्यात काहीतरी शिजायला लागतं. "बाई," मी म्हटलं, "हाकलतोच आहे, तर घराकडे हाकलू की!"

"म्हणजे?"

"पुलाच्या पलीकडे जाऊन बोलायला लागतो. तो इकडे पळेल. मी मागून मागून हळूहळू येतो. मेंढपाळ करतो तसं. काठीच्या जागी भोंगा."

बाई नाहीच म्हणाल्या आधी. घाबरलेलं जनावर रस्त्यावर गाड्यांखाली जातं, म्हणाल्या. मग विचार केला, पिल्लाला टोपलीत ठेवलं आणि चावी उचलली. "मी येणार टेम्पोत. आवाजाचं बटण माझ्या हातात. मी थांब म्हटलं की थांबायचं. आणि कुत्रा हा शब्द काढायचा नाही, नाहीतर लोक त्याच्या मागं धावतील."

"मग बोलू काय?"

"ते तुम्हाला शिकवायला लागणार आहे का?"

बायको बाईंची स्कूटर घेऊन पुढे गेली, फोनवर सांगायला. आम्ही पुलापलीकडून सुरुवात केली. बाईंनी बटण अगदी बेताचं फिरवलं आणि मी सुटलो. "ऐका हो ऐका! सलूनच्या मालकांनी आरशात बघणं थांबवून गिऱ्हाइकाकडे बघावं! कट्ट्यावर बसलेल्या मंडळींनी आळीपाळीनं घरी जाऊन यावं, बायका ओळख विसरतील!"

"अहो, दिसला!" फोनवर बायकोचा आवाज. "पुलावरून आला. चालतोय, पळत नाहीये. गिरणीकडे वळला."

"हळू," बाई म्हणाल्या आणि बटण आणखी खाली केलं. असं आम्ही त्याला गिरणी, मग बसस्थानकाच्या मागचा रस्ता, मग शाळेची भिंत, असं ढोसत ढोसत आणलं. तो डावीकडे वळायला लागला की मी डावीकडच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन एखाद्या दुकानदाराची चौकशी करायचो, की तो निमूट उजवीकडे. बाईंना पटलं नव्हतं, पण हसू येत होतं. चेहरा खिडकीकडे करून हसत होत्या.

सासऱ्यांच्या गल्लीमागं एक मोकळं मैदान आहे, तिथं एक बंद पडलेला ट्रक वर्षानुवर्षं उभा आहे. मॅनेजर त्याच्या खाली शिरला आणि थांबला. फाटक समोर दिसत होतं. पण हा हलेना. मी थोडा बोललो की तो आणखी आत सरकायचा. गप्प बसलो तरी तिथंच. बायको बिस्किट घेऊन वाकली, तर दुसऱ्या बाजूनं निघायच्या बेतात. बाईंनी तिला हातानं मागं केलं.

"आता आणखी ढकललं तर मोठ्या रस्त्यावर जाईल," बाई म्हणाल्या. "ज्यांचा आहे त्यांनी हाक मारली पाहिजे."

सासरे आलेच होते. एका चपलेनिशी, फटक फटक. मैदानाच्या कडेला उभं राहून त्यांनी हाक मारली. तोंड हललं, आवाज निघालाच नाही. पुन्हा मारली. नुसती हवा. जवळ जावं तर कुत्रा पळेल, लांब राहावं तर ऐकू जाईना. त्यांनी एकदा ट्रककडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्या बघण्यात शिवी नव्हती, म्हणून मला जास्त लागलं.

मी टेम्पोतून उतरलो आणि माईक त्यांच्या पुढे धरला. "मामा, तुम्ही बोला."

"वेडे आहात का?" बाई कुजबुजल्या. "भोंग्यालाच घाबरतो तो!"

पण सासऱ्यांनी माईक घेतला होता. आयुष्यात पहिल्यांदाच घेतला असावा, कारण आइस्क्रीमसारखा धरला होता. बाईंनी बटण अगदी खाली केलं. सासरे खाकरले. ते खाकरणं मैदानभर घुमलं. ट्रकखालून एक कान बाहेर आला. उभा कान.

"मॅनेजर," सासरे घोगऱ्या आवाजात म्हणाले. "ही काय वेळ झाली यायची?"

दुसरा कान.

"न सांगता रजा? माझी चप्पल कुठंय? लाज वाटते का काही?" आणि मग आवाज आणखीच बसला. "चल घरी. जेवलो नाही मी अजून."

कुत्रा निघाला तो पळतच निघाला, आणि सासऱ्यांकडे नाही, भोंग्याकडे! टेम्पोच्या टपावर चढायला बघतोय, उड्या मारतोय, शेपूट अशी हलतेय की मागचा अर्धा कुत्रा तिच्याबरोबर हलतोय. मग त्याला वास आला, वळला आणि सासऱ्यांच्या अंगावर असा कोसळला की ते मातीत बसलेच. तोंडात चप्पल नव्हती. चपलेचा नुसता पट्टा होता. तो त्यानं मांडीवर ठेवला. सासऱ्यांनी तो खिशात घातला आणि बराच वेळ कुत्र्याच्या मानेत तोंड खुपसून बसले. बायको रडत होती. मीही नाक पुसलं. धूळ फार होती.

बाई मात्र विचारात. "पण भोंग्याला तर घाबरला नाही," त्या म्हणाल्या. "मग इतके दिवस घाबरत होता कशाला?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"एकदा बोलून बघा बरं," बायको म्हणाली.

मी माईकही घेतला नाही. नुसतं म्हणालो, "काय रे मॅनेजर?" कुत्रा सासऱ्यांच्या पाठीमागं जाऊन लपला.

सासरे किती तरी दिवसांनी हसले. घसा बसलेला, त्यामुळे सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसे. "हुशार आहे," म्हणाले. "त्याला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. मी मुलगी देऊन बसलो."

त्या बाईंनीही संधी सोडली नाही. आता गावात कुणाचं जनावर हरवलं की शेल्टरतर्फे आमचा टेम्पो निघतो. माईकवर सासरे, मांडीवर मॅनेजर. माझं काम गाडी चालवायचं आणि तोंड बंद ठेवायचं. परवा एक मांजर शोधायला जायचं होतं. सासरे चपला शोधत होते, म्हणून मी फाटकाशी टेम्पो लावून सीटवर जरा डोळे मिटले. जरा म्हणजे तोंड उघडं पडण्याइतके.

डोक्यावर भोंगा कडाडला. "ऐका हो ऐका! कामाच्या वेळी टेम्पोत झोपलेल्या तमाम जावयांनी ताबडतोब हजेरी द्यावी, नाहीतर जेवण बंद!"

डोकं टपाला आपटलं, पण तोंडातून निघायचं ते निघूनच गेलं.

"हजर!"