गुलाबी पाण्यावरची फुंकर

या, बसा टेकून. फुंकर मारून पाण्याचं पाप घालवणाऱ्या बाबाची गोष्ट सांगतो. हसाल तुम्ही, पण हसू घशात अडकेल, आधीच सांगून ठेवतो.

भाऊ गेल्यावर आमच्या वहिनीनं एकटीनं चालवलेली शिंपल्यांची नर्सरी. टाकीत समुद्राचं पाणी, त्यात मोहरीहून बारीक पिल्लं. अंगावर कवच धरलं की ती शिंपलेवाल्यांना विकायची. लागोपाठ दोन खेपा मेल्या. तिसरी गेली तर नर्सरीला कुलूप, हे वहिनीला ठाऊक आणि तिच्या पोरीलाही.

पाणी तपासायला एक संशोधक बाई यायची. म्हणाली, "धुरातला वायू समुद्रात विरघळतोय, त्यानं पाणी आंबटपणाकडे झुकतंय. कोवळं कवच धरतच नाही. पंपानं हवा खेळती ठेवा, धुण्याचा सोडा मापानं घाला."

लोक खदखदले. "समुद्र आंबट? मग साखर घाल की गं!" तेव्हापासून तिचं नाव आंबटबाई.

मग आले श्वासबाबा. अंगणात मुंगीला जागा नाही! बाबांनी काचेच्या भांड्यात टाकीतलं पाणी घेतलं, चिमूटभर भस्म टाकलं. पाणी गुलाबी झालं!

"हे बघा तुमचं पाप!" बाबा गरजले. "माझ्या श्वासात बारा वर्षांचं मौन आहे!" मौनाचा माणूस, सकाळपासून तोंड मिटलं नव्हतं. नळी घालून फुंकत बसले. बघता बघता रंग गेला, पाणी नितळ. भक्तांनी ते वाटून प्यायलं. दुसऱ्या दिवशी अख्ख्या वस्तीला जुलाब.

"पाप बाहेर पडतंय," बाबा म्हणाले.

"हो, रांग लावून पडतंय," मी म्हटलं. माझ्याकडे कोण बघतंय!

बाबांचा हुकूम सुटला. पंप बंद, यंत्राचा श्वास अपवित्र. सगळ्यांनी नळ्या घेऊन टाकीत फुंकायचं, पाळीपाळीनं, थांबायचं नाही.

"वहिनी, पंप तरी चालू ठेव," मी म्हटलं.

"भावजी, दोन खेपा पंपावरच मेल्या ना? आता माणसांवर सोडून बघू दे."

फुंकून फुंकून लोकांचे गाल दुखले. आणि एका सकाळी सगळी पिल्लं तळाला. पांढरा गाळ नुसता.

बाबांचं बोट थेट वहिनीकडे. "हिच्या श्वासात विष! नवऱ्याला खाल्लं, आता पिल्लांना!"

गर्दी मागे सरकली. सख्खी पोरगीही आईपासून एक पाऊल लांब झाली. ते मी बघितलं, वहिनीनंही बघितलं.

तेवढ्यात आंबटबाई आली. गाळ भिंगाखाली धरला, बघितला. मग गर्दीसमोर पेल्यात पाणी, धुण्याचा सोडा आणि पिशवीतली पाणी तपासायची पांढरी पूड घातली. पाणी गुलाबी.

"वहिनी, फुंका."

"नको गं बाई, माझ्या श्वासात..."

"फुंका म्हणते ना!"

वहिनीनं नळी धरली, फुंकत राहिली. रंग गेला. पाणी नितळ!

"ही शक्ती तिला मीच दिली!" बाबा ओरडले.

"मग जुलाबही तुम्हीच दिलेत," बाई म्हणाली. "तुमच्या भस्मात सोडा आणि हीच पूड. ही पूर्वी जुलाबाचं औषध म्हणून विकायचे. सोड्याच्या पाण्यात ती गुलाबी होते. प्रत्येकाच्या श्वासात वायू असतो, तोच धुरातला. तो पाण्यात विरघळला की पाणी आंबटतं, रंग उडतो. बाबा, तुमचं उरलेलं तीर्थ आहे ना? घ्या एक पेलाभर."

बाबांनी पेल्याकडे बघितलं, मग फाटकाकडे. एक चप्पल तिथेच राहिली.

लोक टाळ्या पिटून हसले. वहिनी हसली नाही. "बाई, म्हणजे टाकीत..."

"तेच झालं. समुद्रात वर्षानुवर्षं चाललंय, ते तुम्ही टाकीत एका दमात केलंत. कवचं विरघळली."

"आणि पंप चालू ठेवून सोडा घातला असता तर?"

बाईनं भिंग पिशवीत ठेवलं. मग म्हणाली, "बरीचशी जगली असती."

"चला, कळलं एकदाचं," म्हणत माणसं घरी गेली. माफी कुणी मागितली नाही. पोरगी टाकीशीच उभी होती. म्हणाली, "आई, सगळ्यात जोरात मी फुंकलं होतं."

नर्सरीला कुलूप लागलं. त्या दोघी आता दुसऱ्यांच्या टाक्या धुतात.

तेव्हा एवढं करा. चमत्कार दिसला की हात जोडू नका, भांडं मागून घ्या आणि स्वतः करून बघा. आणि तेवढं होईस्तोवर कुठल्या बाईकडे बोट दाखवू नका.